जुने नकाशे आणि आपले गाव

दिवाळीची सुट्टी संपवून मुले परत आली म्हणजे "गावी गेला होता का? कोणते गाव तुमचे?" असे विचारण्याचा आमचा जुना प्रघात आहे. उत्तरे बहुधा ठरावीक येतात. कोणी तालुक्याचे नाव सांगतो, कोणी जिल्ह्याचे, आणि कोणी "बाबांना ठाऊक आहे" असे म्हणून मोकळा होतो. परंतु मागे एकदा एका मुलाने दिलेले उत्तर आमच्या मनातून अजून जात नाही. तो म्हणाला, "सर, आमचे गाव पाण्यात आहे." वर्गात दोघे-तिघे हसले, तोही हसला. त्याचा यात काही दोष नाही. भीमा नदीवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, तेव्हा त्याचे वडील पाळण्यातले मूल होते. त्याच्या लेखी 'आमचे गाव' म्हणजे पुण्याहून सोलापुरास जाताना भिगवणच्या पुढे डाव्या हातास दिसणारे विस्तीर्ण पाणी आणि हिवाळ्यात त्यावर उतरणारे रोहित पक्षी, एवढेच.

त्याने आपल्या हातातील फोनवर गावाचा शोध घेऊन पाहिला होता. आकाशातून काढलेले चित्र त्यात स्वच्छ दिसते, पण ते आजचे चित्र. जेथे पाणी आहे तेथे त्याने निळा रंग दाखविला आणि त्याचे काम संपले. त्या निळ्या रंगाखाली वाडा कोठे होता, पाणवठा कोठे होता, शेजारच्या गावी जाणारी वाट कोणत्या ओढ्यातून जात होती, याचे उत्तर तेथे नाही. ते उत्तर धरणापूर्वी मोजणी करून छापलेल्या स्थलदर्शक नकाशात अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे त्या मुलाच्या आजोबांच्या डोक्यात आहे. ही दोन अर्धी एकमेकांस जुळविण्याचे काम शाळेने व घराने मिळून अंगावर घ्यावे, आणि ते आताच घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कागदाचा ताव कपाटात शंभर वर्षे पडून राहील. आजोबांचे तसे नाही.

हे नकाशे झाले कसे, हे थोडक्यात सांगावयास हवे. मद्रासेजवळ १८०२ साली लॅम्टन नावाच्या अधिकाऱ्याने एक आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत हिंदुस्थानची मोजणी उत्तरेकडे सरकू लागली. ते काम करता करताच १८२३ साली वर्ध्याजवळील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्या त्रिकोणांच्या सांगाड्यावर पुढे सर्व्हे ऑफ इंडिया या खात्याने गावोगावचा तपशील भरला, आणि १९०५ नंतर नव्या मोजणीचे रंगीत नकाशे निघू लागले. एका मैलास एक इंच असे त्यांचे प्रमाण असल्यामुळे त्यांस 'एक इंची' म्हणत. पुढे दशमान पद्धती आली व त्यांची जागा एकास पन्नास हजार या प्रमाणाच्या नकाशांनी घेतली.

एका तावावर सुमारे १६-१७ मैल लांब आणि जवळजवळ तितकाच रुंद मुलूख मावतो. विद्यार्थ्याने प्रथम रंग ओळखावे. तपकिरी बारीक रेषा त्या समोच्चरेषा. एक इंची नकाशात त्या बहुधा पन्नास-पन्नास फुटांच्या अंतराने असतात. त्या दाटल्या की चढ उभा, विरळ झाल्या की जमीन सपाट. हिरवा रंग झाडीचा, पिवळा लागवडीचा, निळा पाण्याचा. वस्तीची घरे तांबडी. बारमाही नसलेला ओढा काळ्या रेषेने दाखविलेला असतो. आमच्या देशावर अशा काळ्या रेषाच अधिक, आणि नकाशा हातात घेताच दुष्काळी मुलूख कोणता हे मुलास न सांगता कळते. देऊळ, मशीद, चर्च, थडगे, विहीर, तळे, डाकबंगला, टपालकचेरी यांस वेगवेगळ्या खुणा आहेत. काही गावांच्या नावाखाली कंसात वार दिलेला आढळतो, तो आठवडे बाजाराचा. समासात मोजणीचे साल असते. ते साल पुष्कळ मुले वाचीत नाहीत, आणि आमच्या मते सबंध तावावरील महत्त्वाची ओळ तीच.

ज्या मुलाची गोष्ट आम्ही सांगत आहो त्याचा प्रदेश ४७ क्रमांकाच्या मोठ्या पत्रात येतो आणि त्यातही ४७ जे व ४७ एन या दोन भागांत विभागला गेला आहे. कारण पंचाहत्तरावे रेखांश इंदापूर गावाच्या किंचित पश्चिमेकडून जाते. त्यामुळे दोन ताव शेजारी मांडून पाहावे लागले. गाव नेमके तावाच्या कडेस यावयाचे, हा नकाशे पाहणाऱ्यांचा नेहमीचाच अनुभव! एका पालकांच्या संग्रहातील धरणापूर्वीचे ताव आम्हांस पाहावयास मिळाले, त्यांच्या प्रती काढल्या, आणि एका शनिवारी त्या मुलाच्या आजोबांस शाळेत येण्याची विनंती केली.

आजोबा आले. सत्तरी केव्हाच उलटलेली, शाळा चौथीपर्यंत. प्रथम त्यांनी ताव उलटा धरला व "ह्यातले मला काय कळणार, मास्तर" असे म्हणून खाली ठेवला. आम्हीही थोडे ओशाळलो. तेव्हा मुलानेच त्यांस आगगाडीची रेषा दाखविली. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ साली डिकसळपर्यंत आला आणि भीमा ओलांडून १८६० साली सोलापुरास पोचला. डिकसळचा तो रेल्वेचा पूल आजोबांस चांगला ठाऊक होता; धरणामुळे लोहमार्ग हलविल्यावर पुढे त्याच पुलावरून रस्त्याची वाहतूक झाली. त्यांनी पुलावर बोट ठेवले. तेथून ते बोट नदीच्या काठाने सावकाश खाली सरकू लागले. एका वळणाशी थांबले. "हा डोह," ते म्हणाले. मग वर, एका काळ्या रेषेशी. "हा आपला ओढा. ह्याच्या अलीकडे मळई. तुझ्या पणज्याने तिथे कलिंगडे लावलेली." मुलाने विचारले, "आजोबा, मळई म्हणजे काय हो?" नदीच्या गाळाने दरसाल सुपीक होणाऱ्या त्या जमिनीस मळई म्हणतात, हे त्या मुलास भूगोलाच्या कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. पुढील दीड तासात आजोबांनी २३ नावे सांगितली: शेतांची, वाटांची, खडकांची, उताराच्या जागांची. छापील तावावर त्यांतील दोनच होती. मुलाचे वडील शेजारी बसले होते. जाताना ते आम्हांस हळूच म्हणाले, "मीसुद्धा ही नावे आज पहिल्यांदा ऐकली."

येथे कोणी असे समजू नये की नकाशा म्हणजे सत्याचा ताम्रपट. तो काढणाऱ्यांची भाषा वेगळी होती आणि हेतूही वेगळा होता. सरकारास रस्ते, सैन्य, कर यांची काळजी होती; आपल्या पणजीची काळजी त्यांनी कशास करावी? इंग्रजी लिपीत ळ आणि ल एकच झाले, ट आणि त एकच झाले. खडकीचे 'किर्की' आणि दौंडचे 'ढोंड' होऊन बसले. म्हणून तावावर गाव शोधताना नाव डोळ्यांनी वाचू नये, तोंडाने उच्चारून पाहावे आणि जवळ बसलेल्या वडील माणसास ऐकवावे. खरा उच्चार त्यांच्या तोंडून आपोआप येतो.

याहून मोठे मौन दुसरेच आहे. नकाशा विहीर दाखवितो. तिचे पाणी कोणी भरावे आणि कोणी भरू नये हे दाखवीत नाही. देवळाची खूण करतो. दाराबाहेर कोण उभे राही हे सांगत नाही. गावाच्या तांबड्या पुंजक्यापासून थोडी दूर, बहुधा ओढ्यापलीकडे, चार-सहा घरांची एक निनावी वस्ती पुष्कळ तावांवर आढळते. ती कोणाची, हे आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजी-आजोबांस विचारण्याची गरज पडणार नाही. त्यांचा जन्मच तेथला. महाड येथील चवदार तळे कोणत्याही नकाशावर एक लहानसा निळा ठिपका एवढेच दिसेल. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे पाणी प्यावयास का गेले हे त्या ठिपक्यावरून कोणास कळणार? म्हणून आम्ही म्हणतो की ज्या घरांची आठवण गावाविषयी कडू आहे त्यांनीही हा ताव आपल्या मुलांपुढे उलगडावा. किंबहुना त्यांनीच आधी उलगडावा. नाही तर निनावी वस्ती कायमची निनावी राहील.

कुलवृत्तान्ताची आवड असणाऱ्यांस नकाशाचा आणखी एक उपयोग आहे. आपल्याकडे गावाच्या नावास 'कर' लावून आडनाव करण्याची चाल. परंतु वडगाव, पिंपरी, पिंपळगाव अशी नावे जिल्ह्या-जिल्ह्यात इतकी आहेत की आडनावावरून मूळ गाव ठरविणे म्हणजे यात्रेत एका पांढऱ्या पागोट्याचा शोध करणे होय. अशा वेळी घरातील ऐकीव गोष्टी उपयोगी पडतात. "आमच्या गावावरून डोंगर दिसे", "बाजाराला नदी ओलांडून जात", "देवी वेशीबाहेर होती" असे जे आजी बोलून जाते, ते तावावरील समोच्चरेषा, नदी व देवळाची खूण यांच्याशी ताडून पाहावे. चार पिंपरींपैकी तीन तेथेच गळतात. मग नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पूर्वजांच्या नावांची व गावांची नोंद सापडते का ते पाहावे. दक्षिणेकडील घराण्यांस हेळवी लोकांचे तोंडपाठ वंशवर्णन आहे. ख्रिस्ती कुटुंबांस चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या आहेत.

जमिनीचे कागद तर घरोघर असतात. पण ते कज्ज्याच्या वेळीच बाहेर निघतात. वस्तुतः या इंदापूर तालुक्याचे जमिनीच्या मोजणीत मोठे नाव आहे. प्रिंगलसाहेबाची आधीची आकारणी फार जड होऊन फसली, तेव्हा १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी याच तालुक्यापासून सुरू केली आणि तिचीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. ३३ फुटांची साखळी, साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर, हे गणित आपण आजही करतो. गावचा नकाशा व सातबाराचा उतारा स्थलदर्शक नकाशाशेजारी ठेवला म्हणजे सर्व्हे नंबर हा नुसता आकडा राहात नाही. तो कोणत्या ओढ्याच्या कोणत्या काठास होता हे दिसू लागते.

पुरुषमंडळी आपली हद्द सांगतात, बायका वाटा सांगतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे. त्याच मुलाच्या आजीस आम्ही तिचे माहेर विचारले, तिच्या आईचे माहेर विचारले, नणदा व जावा कोणत्या गावच्या ते विचारले आणि मुलाने त्या त्या गावाभोवती पेन्सिलीने वर्तुळे काढली. एक सोडून सर्व वर्तुळे त्या दोनच तावांत मावली. बैलगाडीने एका दिवसात जाऊन पोचता येईल तेवढेच त्यांचे जग! आणि त्यातील अर्धी वर्तुळे आज पाण्यात आहेत, म्हणजे आजीचे सासर व माहेर दोन्ही बुडाले. ही गोष्ट ती इतक्या सहजपणे बोलली की प्रथम आमच्या लक्षातच आली नाही.

पालकांपैकी काहींचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. परीक्षेत यास गुण नाहीत. मुलांस वेळ नाही. आणि गेलेल्या गावासाठी आता रडून काय होणार? धरणाने सोलापूर जिल्ह्यास पाणी दिले, ऊस दिला, हे खोटे आहे काय? मुळीच खोटे नाही. आम्ही धरणाविरुद्ध लिहीत नाही. पण ज्यांच्या जमिनीवर ते पाणी उभे आहे त्यांच्या नातवास ती जमीन कोठे आहे हे बोटाने दाखविता येऊ नये, ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते. मुळशीच्या खोऱ्यात १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तेही खोरे पाण्यात गेले. कोयनेचे धरण १९६४ साली झाले आणि त्या खोऱ्यातील कुटुंबे दूरदूर पांगली. गोव्यात गायिका मोगुबाई कुर्डीकर यांचे कुर्डी गाव साळावलीच्या जलाशयात आहे; उन्हाळ्यात ते उघडे पडते तेव्हा तेथील लोक अजून जमतात. एकट्या आमच्या शाळेच्या पटावर या ना त्या धरणाखालून आलेली मुले किती असतील याची आम्ही अद्याप मोजदाद केली नाही, ही आमचीही चूक.

गुणांविषयी म्हणावयाचे तर, भूगोलाच्या पुस्तकात नकाशावाचनाचा धडा आहेच. तो कोठल्या तरी अनोळखी तावावर शिकविण्याऐवजी मुलाच्या स्वतःच्या मुलखाच्या तावावर शिकवावा, एवढेच आमचे मागणे.

ताव मिळविणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. एके काळी सीमेजवळचे व किनाऱ्याचे कित्येक नकाशे सामान्य माणसाच्या हाती पडत नसत. २००५ सालच्या धोरणाने सर्वांसाठी खुली अशी वेगळी मालिका निघाली, २०१७ साली ती संगणकावर विनामूल्य मिळू लागली आणि २०२१ साली नियम आणखी सैल झाले. ही मालिका नवी. धरणापूर्वीचे पाहावयाचे तर जुने तावच हवेत. अमेरिकेच्या सैन्याच्या नकाशा खात्याने १९५५ च्या सुमारास हिंदुस्थानचे नकाशे तयार केले, ते टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावर सर्वांस खुले केले आहेत. त्यांचे प्रमाण लहान, सुमारे चार मैलांस एक इंच. परंतु उजनीचा जलाशय त्यांवर नाही, भीमा आपल्या जुन्या वळणांनी वाहताना दिसते आणि मोठ्या गावांची नावे सापडतात. आरंभास ते पुरे. एक इंची ताव जुनी ग्रंथालये, जुने इंजिनिअर आणि रद्दीची दुकाने येथे शोधावे लागतात. ज्या पालकांजवळ असे ताव असतील त्यांनी ते शाळेस प्रत काढण्यापुरते द्यावे. मूळ ताव आठ दिवसांत परत करू. प्रतीवर खुणा कराव्या, मूळ तावास पेन्सिल लावू नये. आणि आजोबा बोलत असताना मुलाने नावे त्यांच्याच उच्चाराने मराठीत लिहून घ्यावी, शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये.

त्या शनिवारी एका गोष्टीवरून आजोबा व नकाशा यांचे मात्र जमले नव्हते. तावावर देवळाची खूण ओढ्याच्या पूर्वेस होती. आजोबा म्हणत, देऊळ पश्चिमेस. "इंग्रजाला काय ठाऊक!" असा त्यांचा निकाल. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार खाली गेले, पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले आणि ते पाहावयास लोकांची रीघ लागली. त्याच सुमारास मुलगा, त्याचे वडील, आजोबा व आम्ही असे चौघे त्यांच्या गावठाणाकडे गेलो. जाऊ इच्छिणाऱ्यांस एक सूचना: वरून सुकलेला गाळ आत ओला असतो व गुडघ्यापर्यंत पाय रुततो, काठच्या माणसास विचारल्यावाचून पुढे जाऊ नये, आणि गाळपेर केलेल्या जमिनीतून चालू नये.

देवळाचे जोते सापडले. ते ओढ्याच्या पूर्वेस होते. आजोबा बराच वेळ त्यावर बसून राहिले, काही बोलले नाहीत. मग उठले आणि कोणासही न सांगता पश्चिमेकडे चालू लागले. शंभर-सव्वाशे पावलांवर दगडांचे एक कडे गाळातून वर आले होते. विहीर तोंडापर्यंत गाळाने भरलेली. पण थारोळ्याचा दगड जागेवर होता आणि काठावरच्या दगडास मोटेच्या दोराने पडलेल्या घळी बोट घालून पाहता येत होत्या. बैलांची धाव कोणत्या बाजूस होती ते आजोबांनी हाताने दाखविले. आम्ही ताव उघडून पाहिला. त्या जागी काहीही छापलेले नव्हते.

मुलाने निळी पेन्सिल मागितली, ताव गुडघ्यावर धरला, आणि आजोबांस विचारले, "हिचे नाव काय होते?"